‘रंगून’ने केलेली निराशा: विशाल भारद्वाज यांचे नेमके काय हुकले?

प्रश्न

विशाल भारद्वाज हे माझे अत्यंत आवडते दिग्दर्शक आहेत. शेक्सपिअरवर बेतलेले त्यांचे तिन्ही चित्रपट, म्हणजे ‘मकबूल’ (२००३), ‘ओंकारा’ (२००६) आणि ‘हैदर’ (२०१४), मी अनेकदा पाहिले आहेत आणि दर वेळी त्यांत काही ना काही नवे सापडले आहे. म्हणूनच ‘रंगून’ (२०१७) पुन्हा पाहतानाही पहिल्या वेळेइतकाच हिरमोड झाला, याचे मला मनापासून वाईट वाटते. दुसरे महायुद्ध, ब्रह्मदेशाची सरहद्द, आझाद हिंद सेना आणि स्टंटपटांचा जमाना एवढा ऐवज हाताशी होता. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्याने टिपलेला पाऊस आणि चिखल तर अंगावर येतो. तरीही स्टंटपटांची नटी ज्यूलिया, तिचा प्रियकर असलेला सैनिक नवाब आणि तिच्यावर हक्क सांगणारा निर्माता रूसी या तिघांपैकी कोणाच्याही दुःखाने मी हललो नाही. शेक्सपिअरच्या कथेचा भक्कम कणा नसला की हा दिग्दर्शक चाचपडतो, असे म्हणावे का? जाणकारांनी कृपया मत मांडावे.

प्रतिसाद – आस्वादक

आपल्या निराशेशी मी सहमत आहे, पण निदान मला पटत नाही. ‘मकबूल’चे श्रेय केवळ मूळ नाटकाला, म्हणजे ‘मॅक्बेथ’ला, देता येणार नाही. मॅक्बेथची पत्नी इथे निम्मी होते आणि ती मकबूलची बायको नसून त्याच्या टोळीचे म्होरके अब्बाजी यांची रखेल असते. या एका बदलामुळे सत्तेची हाव आणि स्त्रीची आसक्ती यांची अशी काही गाठ पडते की खून कोणासाठी झाला हे शेवटपर्यंत वेगळे काढता येत नाही. चेटकिणींच्या जागी ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह यांचे दोन पोलीस आणणे हीसुद्धा पटकथेचीच करामत आहे. ‘हैदर’मध्ये काश्मीरचे नव्वदचे दशक इतके खरे वाटते, त्यामागे सहलेखक बशारत पीर यांनी ते दिवस जवळून पाहिलेले असणे हे मोठे कारण आहे. ‘रंगून’मधील काळ मात्र नेपथ्यासारखा मागे उभा राहतो.

प्रतिसाद – पटकथाप्रेमी

मला ‘रंगून’मधील तलवारीबद्दल लिहायचे आहे, कारण माझ्या मते चित्रपट तिथेच निसटतो. ‘ओंकारा’तील कमरबंद आठवून पाहा. ओंकारा तो आपल्या प्रेयसीला, डॉलीला देतो, लंगडा त्यागीची पत्नी इंदू तो उचलते, ओंकारावर डूख धरलेला लंगडा तो त्याचा दुसरा साथीदार केसू याच्यापर्यंत पोहोचवतो आणि केसू तो आपली प्रेयसी बिल्लो हिला भेट देतो. दागिना ज्याच्या हाती जातो, त्याच्या मनातले काहीतरी उघडे पाडत पुढे सरकतो, त्यामुळे अखेरीस ओंकाराच्या मनात जे पेटते त्याचा प्रत्येक धागा आपल्याला ठाऊक असतो. ‘रंगून’मधील रत्नजडित तलवार आझाद हिंद सेनेपर्यंत पोहोचली पाहिजे, एवढेच आपल्याला सांगितले जाते. ती कोणाच्याही आयुष्यात मुरत नाही. प्रेमाचा त्रिकोण एकीकडे आणि तलवार दुसरीकडे, अशा दोन कथा पावणेतीन तासांच्या आसपास शेजारी शेजारी चालत राहतात.

प्रतिसाद – मध्यंतर

वरील मुद्द्याला ‘कमीने’ (२००९) पुष्टी देतो आणि मूळ प्रश्नातील तर्क खोडूनही काढतो, कारण त्यामागे शेक्सपिअर नाही. तिथे अमली पदार्थ लपवलेली गिटार आहे आणि ती ज्याला हवी आहे त्याला ती का हवी आहे, हे स्वच्छ कळते. स्वीटीचा भाऊ भोपे तर दोन-चार प्रसंगांतच आपल्या ओळखीचा राजकारणी वाटू लागतो. उलट ‘रंगून’मधील ब्रिटिश अधिकारी जनरल हार्डिंग उर्दू शेर म्हणतो तेव्हा गंमत वाटते, पण तो खलनायक म्हणून धास्ती निर्माण करत नाही.

प्रश्नकर्ता

‘कमीने’चा दाखला बिनतोड आहे, तेव्हा शेक्सपिअरचा मुद्दा मी मागे घेतो. तलवारीविषयीचे म्हणणे वाचल्यावर ज्यूलियाचे पात्रच वेगळे दिसू लागले. तिला पाहताना ‘हंटरवाली’ (१९३५) हा स्टंटपट गाजवणाऱ्या नटी नादियाची आठवण येते. कॅमेऱ्यासमोर खोट्या लढाया जिंकणारी ही नटी खऱ्या युद्धात येऊन पडते, आणि तिच्यापुरता तलवारीचा प्रश्न इथेच सुरू व्हायला हवा होता. जिवाची बाजी लावावी असे तिला या तलवारीत काय दिसते, ते नवाबवरच्या प्रेमापलीकडे पटकथेने सांगितलेले नाही. रूसीच्या बाबतीत मात्र लेखन अधिक सावध वाटते. हात गमावल्यामुळे पडदा सोडावा लागलेला हा माणूस आपली सारी हौस तिच्यातून भागवतो. सैफ अली खान यांनी त्याचा मालकी हक्क आणि असहायता दोन्ही इतक्या संयमाने दाखवल्या आहेत की, कथा त्याच्याच नजरेतून सांगितली असती तर ती तलवारही बहुधा त्याच्याच हाती मुरली असती.