जमिनीतल्या गरम हवेच्या जाळ्या बदलायच्या आहेत : माप, धातू आणि पट्ट्यांविषयी सल्ला हवा

प्रश्न

आमच्या घरात तळघरातल्या फर्नेसमधून (हवा तापवणाऱ्या भट्टीतून) डक्टवाटे, म्हणजे पत्र्याच्या हवानळीतून, गरम हवा येते आणि प्रत्येक खोलीत ती जमिनीतल्या पत्र्याच्या जाळीतून वर येते. अशा अकरा जाळ्या आहेत. बहुतेकींचा रंग उडाला आहे, दोन जाळ्या पाय पडून मधोमध दबल्या आहेत आणि न्हाणीघरातल्या जाळीचे तर गंजून पापुद्रे निघत आहेत. आता सगळीकडे लाकडी जमीन करून घेत आहोत, त्याबरोबर जाळ्याही बदलाव्यात असा विचार आहे. मला नक्षीच्या ओतीव लोखंडी जाळ्या फार आवडल्या आहेत. मात्र जुन्या जाळीची चौकट मोजली तर ती साडेपाच इंच रुंद आणि साडेअकरा इंच लांब भरते आणि त्या मापाची जाळी कुठेही दिसत नाही. माझे कुठे चुकते आहे? शिवाय, न वापरल्या जाणाऱ्या दोन खोल्यांच्या जाळ्या मिटून ठेवल्या की इंधन वाचते असे ऐकून आम्ही दोन हिवाळे तसे केले आहे. तेव्हा नव्या जाळ्यांना उघडमीट करणाऱ्या पट्ट्या घ्याव्यात, की नुसती जाळी पुरेल?

प्रतिसाद १

जाळीचे माप तिच्या चौकटीवरून ठरत नाही, जमिनीतल्या भोकावरून ठरते. जाळी उचलून बाजूला ठेवा आणि डक्टचे जे पत्र्याचे तोंड दिसेल त्याची आतली रुंदी व लांबी मोजा. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून ती बहुधा 4 × 10 इंच निघेल, कारण चौकट भोकावर सर्व बाजूंनी थोडी टेकावी म्हणून दीडेक इंच मोठी केलेली असते. दुकानात सांगायचे ते हेच भोकाचे माप. त्याच वेळी भोक किती खोल आहे तेही पाहून घ्या. पट्ट्या असलेल्या जाळीखाली एक उथळ पेटी लोंबत असते, आणि डक्ट जमिनीखाली लगेच वळत असेल तर ती पेटी वळणाला अडते व जाळी पूर्ण बसत नाही.

जाळ्या उचललेल्याच आहेत तर आणखी एक काम अवश्य करा. डक्टचे तोंड आणि लाकूड यांच्या मधल्या फटीत बोट घालून पाहा. माझ्या घरी त्या फटीत राखाडी धुळीची जाड वात साचली होती आणि ती काढल्यावर गरम हवेचा झोत सरळ जमिनीखाली जात असलेला हाताला जाणवला. ही फट अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने किंवा डक्टसाठीच्या लेपाने बंद करावी. कापडी चिकटपट्टी लावू नका. उष्णतेने तिचा गोंद वाळतो आणि ती सुटून येते.

प्रतिसाद २

मापानंतर पाहायची गोष्ट म्हणजे जाळीचे मोकळे क्षेत्रफळ, म्हणजे धातूची नक्षी वजा जाता हवेला जायला प्रत्यक्षात उरणारी जागा. नक्षीची जाळी घेणारे बहुतेक लोक हेच विसरतात, आणि मीही विसरलो होतो. 4 × 10 इंचांच्या तोंडाचे क्षेत्रफळ 40 चौरस इंच होते. त्यातून मिनिटाला 100 घनफूट हवा येत असेल तर तिचा वेग मिनिटाला साधारण 360 फूट पडतो. पण नक्षीने निम्मी जागा व्यापली की तेवढीच हवा मिनिटाला 720 फुटांनी निघू पाहते. मी बैठकीच्या खोलीत वेलबुट्टीची जड जाळी बसवली, तेव्हा ब्लोअर (डक्टमध्ये हवा ढकलणारा फर्नेसचा पंखा) चालू झाला की बारीक शीळ ऐकू यायची आणि खोली मात्र पूर्वीपेक्षा उशिरा ऊबदार व्हायची. जाळी उचलून ठेवताच शीळ थांबली, त्यावरून कारण कळले. ओतीव लोखंड वाईट मुळीच नाही, ते दणकट असते आणि पायाखाली दबत नाही. फक्त उत्पादकाने दिलेले मोकळे क्षेत्रफळ जुन्या जाळीइतके तरी आहे ना, हे पाहूनच घ्यावे.

खोल्या मिटून ठेवण्याविषयी मी आग्रहाने सांगतो की ते थांबवा. ब्लोअर आणि डक्ट हे सर्व तोंडे उघडी आहेत असे धरून जुळवलेले असतात. काही तोंडे मिटली की डक्टमधला दाब वाढतो, सांध्यांतून गळती वाढते आणि फर्नेसमधून पुरेशी हवा न गेल्याने आतली उष्णता कोंडते. मग सुरक्षा स्विच तिला वारंवार बंद पाडतो आणि हे दीर्घकाळ चालले तर उष्णता-विनिमयकाला (ज्या धातूच्या भागावरून जाताना हवा तापते त्याला) तडा जाण्याचा धोका असतो. पट्ट्या जरूर घ्या, पण एखादी खोली जास्त तापत असेल तर थोड्याशा तिरप्या करण्यापुरत्या. मोठी तफावत असेल तर डक्टच्या फाट्याजवळच्या डॅम्परवर (हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेवर) ती साधावी, म्हणजे खोलीत आवाज होत नाही.

प्रतिसाद ३

लाकडी जमीन करत आहात म्हणून लाकडी जाळीचाही विचार करा. तिचे दोन प्रकार असतात. एक जमिनीवर टेकणारा, जो केव्हाही बसवता येतो. दुसरा जमिनीच्या पातळीत बसणारा, ज्याची चौकट फळ्या बसवतानाच घालावी लागते आणि घासकाम व पॉलिश सर्वांचे एकदम करावे लागते. दुसरा अतिशय सुंदर दिसतो, पण तो हवा असल्यास सुताराला आजच सांगा. लाकूड कोरड्या गरम हवेत आकसते, म्हणून सुटी जाळी फार घट्ट बसवू नये आणि आणल्यावर काही दिवस त्याच खोलीत ठेवून मगच बसवावी.

न्हाणीघरात मात्र लाकूड नको आणि साधा पत्राही नको. तिथे अॅल्युमिनियम घ्या. भिंतीची जाळी स्वस्त दिसली म्हणून जमिनीत घालू नका; ती माणसाचे वजन पेलण्यासाठी केलेली नसते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आज सर्व जाळ्या उचलून मोजल्या. नऊ तोंडे 4 × 10 इंचांची निघाली आणि दोन 4 × 12 इंचांची. दोन्ही खोल्यांच्या जाळ्या लगेच उघडल्या आहेत. आता एकच शंका उरली आहे : बोळात भिंतीलगत जमिनीत एक मोठी जाळी आहे, जिच्यातून हवा आत ओढली जाते. तीही त्याच नक्षीची घ्यावी का?

प्रतिसाद २ देणाऱ्याचे पुढील उत्तर

ती परतीच्या हवेची जाळी आहे आणि तिला पट्ट्या कधीही नसाव्यात, कारण चुकून जरी मिटली तरी फर्नेसला हवाच मिळणार नाही. नक्षी तीच ठेवायला हरकत नाही, पण येथे मोकळे क्षेत्रफळ अधिक काटेकोरपणे पाहा. साऱ्या घराची हवा या तोंडातून परतते आणि जागा कमी पडली तर घरघर थेट बोळात ऐकू येते. तिच्यावर गालिचा किंवा कपाट येणार नाही याचीही खात्री करा. आणि अकराही जाळ्या एकदम आणू नका. आधी एकच आणून सर्वांत लांबच्या खोलीत बसवा, थंडीच्या एका रात्री ब्लोअर चालू असताना जवळ बसून आवाज ऐका, झोत हाताने तपासा, आणि मग बाकीच्यांची मागणी नोंदवा.