जनुकशास्त्र निबंधस्पर्धा: ७५० शब्दांत काय घ्यावं, काय सोडावं?

अकरावी_ब

नमस्कार. विद्यार्थ्यांसाठीच्या एका निबंधस्पर्धेत भाग घेतेय. विषय: 'एखादा आनुवंशिक आजार निवडा. त्यावरचा जनुकीय उपचार नेमका कसा काम करतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, ते स्पष्ट करा.' मर्यादा ७५० शब्द, संदर्भसूची वेगळी. निबंध शिक्षकांमार्फत ऑनलाइन फॉर्मवरून जाणार, त्यात विद्यार्थ्याचं नाव नको. तीन आठवडे हातात आहेत.

मी सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आणि क्रिस्पर (डीएनए ठरावीक जागी कापून बदलायचं तंत्र) घेतलंय. आराखडा असा: मेंडेल, १९५३ चा डीएनएच्या रचनेचा शोध, ह्यूमन जीनोम प्रकल्प, क्रिस्पर म्हणजे काय, सिकलसेल, उपचार, शेवटी 'डिझायनर बेबी'चा (जन्माआधीच मुलाची जनुकं हवी तशी बदलण्याचा) नैतिक प्रश्न. पहिला मसुदा १,३०० शब्दांवर गेलाय. कात्री कुठे लावू? संदर्भ कुठले चालतात? एआय चॅटबॉटची मदत घेतली तर चालतं का?

रिबोसोम

मेंडेल, १९५३ आणि जीनोम प्रकल्प हे तिन्ही परिच्छेद सरळ उडव. विषयात 'नेमका कसा काम करतो' असं विचारलंय आणि या तिघांमुळे ते उत्तर एक पाऊलही पुढे जात नाही. शिवाय ही सुरुवात कुणालाही पहिल्यांदा सुचते, म्हणजे परीक्षकाने ती बऱ्याचदा वाचलेली असणार.

आधी निबंधाचा मुद्दा एका वाक्यात लिहून काढ. उदाहरणार्थ: 'कॅसजेव्ही हा क्रिस्परवर आधारलेला उपचार सिकलसेलचं मूळ म्युटेशन (जनुकातला बदल) दुरुस्त करत नाही, तर जन्मानंतर बंद पडलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करून त्याला बगल देतो.' हे वाक्य जमलं की काय ठेवायचं आणि काय काढायचं ते आपोआप ठरतं. हमखास चूकही इथेच होते. 'क्रिस्परने चुकीचं अक्षर कापून बरोबर अक्षर बसवलं' असं लिहून लोक मोकळे होतात. कॅसजेव्हीत एचबीबी जनुकाला हातच लावलेला नाही.

साखळी नीट बघ. एचबीबी हे बीटा ग्लोबिनचं जनुक, ११ व्या गुणसूत्रावर. त्यातल्या जीएजी या तीन अक्षरांच्या तिकडीचं जीटीजी होतं, म्हणून ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो. व्हॅलिन मात्र पाणी टाळतं. त्यामुळे ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार होतात. पेशी ताठर, विळ्याच्या आकाराची होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही जेमतेम १० ते २० दिवस.

आता उपचार. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा ग्लोबिन असतं, म्हणून तिथे हा दोष येत नाही. जन्मानंतर बीसीएल११ए हे प्रथिन गॅमाची जनुकं दाबून टाकतं. उपचारात रुग्णाच्या रक्त घडवणाऱ्या मूलपेशी बाहेर काढतात आणि बीसीएल११ए जनुकाच्या 'एन्हान्सर' भागावर (जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा) कॅस९ या क्रिस्परमधल्या कापणाऱ्या प्रथिनाने काप देतात. पेशी तो काप स्वतःच सांधते, पण सांधताना काही अक्षरं गळतात किंवा जास्तीची घुसतात. तेवढ्याने गाटा१ या प्रथिनाची तिथे बसायची जागा मोडते, तांबड्या पेशी घडताना बीसीएल११ए कमी बनतं आणि गॅमा परत सुरू होतं. अख्खं जनुक न तोडता एन्हान्सरच का? कारण बीसीएल११ए शरीरातल्या इतर पेशींनाही लागतं आणि हा एन्हान्सर तांबड्या पेशींच्या घडणीपुरताच कामाचा आहे. या 'का'ला दोन वाक्यं नक्की दे. विषय समजून लिहिलाय की उचलून, ते तिथे कळतं.

शब्दांचा हिशेब: सुरुवात ६०, आजार १५०, उपचार २७०, मर्यादा १८०, शेवट ६०. झाले ७२०. उरलेले ३० राखून ठेव, शिक्षकांनी काही सुचवलं तर लागतात.

तळटीप

संदर्भांबद्दल. वाचायचा क्रम महत्त्वाचा आहे. विषय समजण्यासाठी मेडलाइनप्लस जेनेटिक्स, मग जीनरिव्ह्यूजमधलं सिकलसेलचं प्रकरण (शेवटचं अद्ययावत कधी केलं ती तारीख तिथे दिलेली असते, ती पाहा), मग पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची) एखादा आढावा-लेख आणि सर्वात शेवटी चाचणीचा मूळ शोधनिबंध. मूळ निबंधापासून सुरुवात केली तर दुसऱ्याच परिच्छेदात दमछाक होते. पूर्ण मजकूर फुकट हवा असेल तर पबमेड सेंट्रलमध्ये शोधा. विकिपीडिया वाचायला हरकत नाही, पण संदर्भ म्हणून तिच्या तळाशी दिलेला मूळ लेख उघडून, वाचून मग तोच द्यायचा. न उघडलेला लेख सूचीत घालू नका.

आकडा लिहिताना तो कुठून घेतलाय ते त्याच वाक्यात कळू द्या. कॅसजेव्हीच्याच चाचणीचं बघा. अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीएच्या घोषणेत ३१ पैकी २९ रुग्णांना सलग किमान १२ महिने तीव्र वेदनेचे झटके आले नाहीत असं आहे, म्हणजे ९३.५ टक्के. शोधनिबंधात ३० पैकी २९, म्हणजे ९७ टक्के. दोन्ही बरोबर, हिशेबात धरलेले रुग्ण वेगळे. एकाचा आकडा आणि दुसऱ्याचा संदर्भ अशी सरमिसळ झाली की तपासणाऱ्याला लगेच दिसते.

असंच एक कोडं म्हणजे व्हॅलिन सहाव्या जागी की सातव्या? जुन्या लिखाणात सहाव्या, नव्या नामकरणात सातव्या. प्रथिनाची साखळी सुरू करणारं मेथिओनिन नंतर छाटलं जातं. नवी पद्धत तेही मोजते, जुनी मोजत नाही. कुठलीही एक पद्धत घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

चॅटबॉटचं म्हणाल तर आधी नियमपत्रक वाचा, काही स्पर्धांत पूर्ण बंदी असते. मुभा असली तरी त्याच्याकडून संदर्भ मागू नका. खरी वाटणारी नावं, खरं नियतकालिक आणि मुळात अस्तित्वात नसलेला लेख असं मिश्रण तो बिनदिक्कत देतो. प्रत्येक संदर्भाचा डीओआय क्रमांक (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) शोधून उघडून बघा. लेख उघडला पाहिजे, आणि तोच लेख उघडला पाहिजे.

मटार_हिरवा_की_पिवळा

रिबोसोम, इतिहास सगळाच कापायला माझा विरोध. मेंडेल जाऊ दे, पण १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी सिकलसेल हा रेणूच्या पातळीवरचा आजार असल्याचं दाखवलं आणि १९५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅमने फरक एकाच अमिनो आम्लाचा आहे हे शोधलं. हे एका वाक्यात, आजाराच्याच परिच्छेदात बसतं. दोष इतकी वर्षं ठाऊक होता आणि क्रिस्परवर आधारलेल्या उपचाराला पहिली मान्यता मिळायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं (ब्रिटनमध्ये, अमेरिकेत डिसेंबरात). नुसतं कारण कळून उपचार हाती येत नाही, हा मुद्दा मर्यादांच्या भागाला आयताच मिळतो.

'डिझायनर बेबी' मात्र काढाच. इथे बदल रक्ताच्या मूलपेशींत होतो, बीजपेशींत नाही. म्हणजे तो पुढच्या पिढीत जात नाही. उलट, ज्याच्या एचबीबी जनुकाच्या दोन्ही प्रती सिकलच्या आहेत तो रुग्ण उपचाराने ठणठणीत झाला तरी त्याच्या प्रत्येक मुलाकडे सिकलची एक प्रत जाणारच. नैतिक बाजू लिहायची तर या उपचाराची लिहा: बदललेल्या पेशी परत सोडण्याआधी जुनी अस्थिमज्जा बुसल्फानने रिकामी करावी लागते. हे कडक केमोथेरपीचं औषध आहे, त्याने वंध्यत्व येऊ शकतं. नंतर काही आठवडे रुग्णालयात काढावे लागतात, आणि एवढी सोय असलेली केंद्रं मोजकीच. कॅस९ ने भलतीकडे काप दिला का, यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं ते वेगळंच. याला १८० शब्द पुरणारही नाहीत.

भाषेतल्या ठराविक चुका: 'सिकलसेलचं जनुक असतं' असं नको, एचबीबी जनुक सगळ्यांनाच असतं, रुग्णात त्याचं बदललेलं रूप असतं. 'दोघे वाहक असतील तर चारपैकी एका मुलाला आजार होतो' असंही नको (वाहक म्हणजे सिकलची एकच प्रत असलेला). प्रत्येक खेपेला शक्यता २५ टक्के, आधीच्या मुलांना काय झालं याचा तिच्याशी संबंध नाही. आणि कॅसजेव्हीबरोबर त्याच दिवशी अमेरिकेत मान्यता मिळालेला लिफजेनिया हा सिकलसेलवरचा उपचार क्रिस्परचा नाही. त्यात विषाणूच्या वाहनातून बीटा ग्लोबिनचं सुधारित जनुक मूलपेशींत सोडतात. बातम्यांत दोन्ही एकत्र येतात म्हणून गोंधळ होतो.

अकरावी_ब

सगळ्यांचे आभार. पहिले तीन परिच्छेद गेले, मसुदा ८९० वर आलाय. सुरुवात अशी आहे, कशी वाटते?

'जनुकशास्त्राने मानवजातीच्या इतिहासात क्रांती घडवून आणली आहे. सिकलसेल हा एक भयंकर आजार असून जगभरातील लाखो लोक सिकलसेलच्या जनुकामुळे त्रस्त आहेत. परंतु आता क्रिस्पर या जादुई कात्रीमुळे हा आजार कायमचा बरा होऊ शकतो.'

रिबोसोम

पहिलं वाक्य कुठल्याही निबंधाला चालेल, म्हणून या निबंधाला नको. दुसऱ्यात 'सिकलसेलचं जनुक' आलंच. तिसऱ्यात 'जादुई' काढ. 'कायमचा बरा' हा तर पुराव्यापलीकडचा दावा आहे: वर दिलेला निकष १२ महिन्यांचा आहे आणि उपचार घेतलेल्यांवर १५ वर्षं लक्ष ठेवायचं ठरलंय. शिवाय तुझा मुद्दा यात कुठेच नाही. असं करून बघ:

'सिकलसेलच्या रुग्णाकडे निर्दोष हिमोग्लोबिन घडवणारी जनुकं जन्मतःच असतात, फक्त ती बंद असतात. कॅसजेव्ही हा क्रिस्परवर आधारलेला उपचार सदोष एचबीबी जनुक तसंच ठेवून ही जनुकं पुन्हा सुरू करतो. या आडवाटेने वेदनेचे झटके थांबतात, पण रुग्णाला केमोथेरपीतून जावं लागतं आणि सिकलची प्रत पुढच्या पिढीत जातच राहते.'

तीन वाक्यांत आजार, उपचार आणि मर्यादा तिन्ही आलं. हे जसंच्या तसं उचलू नकोस, स्पर्धा तुझ्या लिखाणाची आहे. बाकीचे १४० शब्द उपचाराच्या भागातून काढू नकोस. 'क्रिस्पर म्हणजे काय' यातून काढ. मार्गदर्शक आरएनए जागा शोधतो आणि कॅस९ कापतं, एवढं पुरे. जिवाणूंची रोगप्रतिकार यंत्रणा, २०२० चं नोबेल वगैरे इथे ओझं होतं.

तळटीप

पाठवण्याबद्दल थोडं. शब्दसंख्या फॉर्ममध्ये चिकटवून तपासा; जोडशब्द आणि कंसातले संदर्भ वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे मोजले जातात आणि तुमच्या मोजणीला ७४८ असलेला निबंध तिथे ७५३ भरू शकतो. साध्या मजकुराच्या फॉर्ममध्ये तिरपी अक्षरं उडतात. जनुकाचं चिन्ह तिरपं, प्रथिनाचं सरळ असा संकेत आहे, त्यामुळे ती उडणार असतील तर 'बीसीएल११ए जनुक', 'बीसीएल११ए प्रथिन' असं शब्दांतच लिहा. आकृती चालते का ते नियमात पाहा. चालत असली तरी तिच्याखालची ओळ बहुधा शब्दांत धरली जाते.

नाव नको म्हणजे फाइलच्या नावातही नको आणि तिच्या गुणधर्मांत 'लेखक' म्हणून आपोआप पडलेलं नावही पुसायचं. मुदत कुठल्या देशाच्या वेळेनुसार आहे ते बघून ठेवा. शिक्षकांकडे निबंध निदान पाच दिवस आधी द्या, त्यांना इतरांचेही भरायचे असतील आणि शेवटच्या रात्री साइट रडतखडत चालते.