गोळी दिली तरी रात्रीची खाज थांबेना: बारीक जंत पुन्हा का होतात?

अंगणवाडी, पलूस तालुका:
जंतनाशक दिनाला सगळ्या पोरांना अल्बेंडाझोल दिली. तीन-चार आठवडे झाले नाहीत तोच काही आया परत आल्या. पोरगं रात्री बूड खाजवतं, शीला सुतासारखे पांढरे जंत दिसतात. एकीने शी तपासून घेतली तर रिपोर्टमध्ये काहीच नाही. गोळीच निकामी होती का? आणि गूळ-चपाती बंद करायला सांगू का?

आरोग्यसेविका_मिरज:
गोळी चांगलीच आहे ताई. ती आतड्यातले जंत मारते, अंड्यांना काही करत नाही. त्या अंड्यांतून नवे जंत होतात, म्हणून २ आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. तोही घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी, नाहीतर एकाचे जंत दुसऱ्याला. १ ते २ वर्षांच्या पोराला अर्धी गोळी (२०० मिलिग्रॅम), त्यापुढे ४०० ची अख्खी. वर्षाच्या आतलं बाळ आणि गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

रिपोर्टचं म्हणाल तर मादी अंडी आतड्यात घालतच नाही. पोर झोपलं की ती बाहेर येते आणि गुदद्वाराच्या कडेला हजारो अंडी घालते. मग शीत सापडणार कुठून? पोर उठल्या उठल्या, शी-आंघोळीच्या आधी, पारदर्शक सेलोटेपची चिकट बाजू तिथे दाबा, काचपट्टीवर चिकटवा आणि लॅबला द्या. असं लागोपाठ ३ सकाळी.

गुळावर उगाच आळ. गोड खाऊन जंत होत नाहीत, तोंडातून अंडी गेल्याने होतात.

लॅबवाला_सांगली:
काचपट्टीवर धुरकट टेप लावून आणतात, त्यातून काही दिसत नाही. स्वच्छ पारदर्शकच घ्या.

अंगणवाडी, पलूस तालुका:
दारात सॅनिटायझर ठेवलाय, तो पुरेल ना?

आरोग्यसेविका_मिरज:
नाही. अंड्याचं कवच त्याला दाद देत नाही. साबण अंडी मारत नाही, पण चोळून पाण्याबरोबर वाहून नेतो. २० सेकंद चोळायचं, आणि बोटांची टोकं दुसऱ्या तळव्यावर घासायची, कारण खाजवल्यावर अंडी नखाखालीच बसतात. घातल्यापासून ४ ते ६ तासांत ती लागण करू शकतात. म्हणजे रात्री खाजवलेला हात सकाळी चहात बुडवलेल्या बिस्किटाबरोबर तोंडात!

नखं बारीक कापा. रात्री घट्ट चड्डी घाला, सकाळी बदला, आणि आंघोळ सकाळीच घाला, म्हणजे रात्रीची अंडी धुतली जातात. बादलीत बसवून नको, वरून पाणी ओता.

सगळ्यात चुकतं ते अंथरुणाचं. सकाळी घरातच वाकळ झटकतात आणि अंडी खोलीभर उडतात. कपड्या-भांड्यांवर ती २ ते ३ आठवडे टिकतात. वाकळ न झटकता गुंडाळून बाहेर न्या आणि कडक उन्हात टाका. चादर, चड्डी, टॉवेल गरम पाण्यात धुवा. गोळी दिल्याच्या दुसऱ्या सकाळी हे करायचं, आणि दुसऱ्या डोसनंतरही तसंच.