डायलवरच्या नावावर जाऊ नका

जुन्या कॅरेज क्लॉकच्या, म्हणजे बग्गीतून प्रवासात न्यायच्या छोट्या काचबंद घड्याळाच्या, डायलवर लंडनच्या दुकानाचं नाव आहे, मग घड्याळ फ्रेंच कसं, असं एकानं विचारलंय. ते नाव बहुतेक वेळा विक्रेत्याचं असतं. बनवणाऱ्याचा शिक्का शोधायचा तर मागचं दार उघडून मागची पितळी पट्टी बघा. उदाहरणार्थ, द्रोकूर या फ्रेंच घड्याळ बनवणाऱ्यांचा शिक्का म्हणजे ‘डी’ आणि ‘सी’ या रोमन अक्षरांमध्ये छोटंसं घड्याळ. शिक्का नसला तरी लगेच नाराज होऊ नका, बिनशिक्क्याची उत्तम घड्याळंही भरपूर आहेत.

पॅरिसचे नामवंत घड्याळजी ब्रेगे यांनी 1798 मध्ये नेपोलियन बोनापार्टला असं प्रवासी घड्याळ विकलं होतं, पण ते श्रीमंतांचं प्रकरण. 1830 च्या दशकात पॅरिसच्या पॉल गार्निए या घड्याळजीनं रचना सुटसुटीत केली आणि मग धंदा वाढला. नॉर्मंडीतल्या सँ-निकोला-दालिएरमाँ गावात कच्ची यंत्रं बनायची. त्यातली बरीचशी पॅरिसला जाऊन पूर्ण व्हायची.

खरी गंमत वरच्या काचेतून दिसते. बग्गीच्या हिसक्यांत लंबक चालणार कसा? म्हणून एस्केपमेंट (चाकांना टप्प्याटप्प्यानं पुढे सोडणारी यंत्रणा) आणि बॅलन्स व्हील (लंबकाऐवजी मागेपुढे फिरून ताल धरणारं चाक) एका वेगळ्या छोट्या पट्टीवर आडवं बसवलेलं असतं. दुरुस्तीत नेमकी हीच पट्टी सर्रास बदलली जाते. त्यामुळे ‘सगळं ओरिजिनल’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला आधी तिच्याबद्दल विचारा. पट्टीच्या आजूबाजूला रिकामी, बुजवलेली स्क्रूची भोकं दिसली तर ती बदललीय हे समजून जा.

वर बटण असेल तर दाबून बघा, आधीच्या तासाचे टोले पुन्हा पडायला हवेत. आणि काचांच्या कडांचे तिरके पैलू चारही बाजूंना सारखे आहेत ना, तेही पाहा. बदललेली काच तिथेच पकडली जाते.