लॉर्ड वॉल्सिंगहॅम यांना निसर्गअभ्यासक म्हणावे का?

धागालेखक: सहावे लॉर्ड वॉल्सिंगहॅम, म्हणजे टॉमस डी ग्रे (१८४३–१९१९), १८६०च्या दशकात केंब्रिज विद्यापीठाकडून आणि एमसीसी (मेरिलबोन क्रिकेट क्लब) या लंडनच्या क्लबकडून क्रिकेट खेळले, खासदार झाले, आणि सूक्ष्म पतंगकीटकांचे अभ्यासक म्हणून १८८७ मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटिश विज्ञानसंस्थेवर निवडले गेले. याच गृहस्थांनी ३० ऑगस्ट १८८८ रोजी यॉर्कशायरमधील ब्लबरहाउसेसच्या माळावर एका दिवसात, एकट्याने, १,०७० ग्राऊस (तितरासारखे शिकारीचे पक्षी) मारले. हाकारे पक्षी उठवून टप्प्यात आणत होते आणि भरलेल्या बंदुका हातात दिल्या जात होत्या. त्या हजार पक्ष्यांतून ज्ञान निघाले नाही, फक्त आकडा निघाला. अशा माणसाला मी निसर्गअभ्यासक म्हणणार नाही.

प्रतिसाद १: हे मला मुळीच मान्य नाही. १८७१-७२ मध्ये ते कॅलिफोर्निया आणि ऑरेगॉनला गेले आणि तिथल्या पिसांसारख्या पंखांच्या पतंगांवर १८८० मध्ये त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. बोटाच्या पेराएवढ्या पतंगाचे पंख तो ताजा असतानाच पसरून टाचावे लागतात, आणि जागा व तारीख लिहिलेली चिठ्ठी सोबत नसेल तर तो नमुना जवळजवळ निरुपयोगी ठरतो. झेलर, हॉफमान आणि क्रिस्टॉफ या पतंग-अभ्यासकांचे विकत घेतलेले संग्रह धरून २,६०,००० हून अधिक नमुने त्यांनी जमवले, आणि ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे गेले. ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीला नाव दिले गेले तोच नमुना तपासल्याशिवाय त्या नावाविषयीचा वाद मिटत नाही, म्हणून हा संग्रह आजही कामाचा आहे.

प्रतिसाद २: पतंगही मारलेच गेले होते, हे विसरू नये. आपल्याकडेही पक्षी-अभ्यास बंदुकीपासून दूर नव्हता: लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन सालिम अली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथूनच त्यांचा अभ्यास सुरू झाला.

धागालेखक: हे उदाहरण उलट माझेच म्हणणे बळकट करते. त्या मुलाने एक चिमणी पाडली आणि ‘ही कोणती?’ असे विचारले; ब्लबरहाउसेसला विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते, कारण पक्षी कोणता हे सर्वांना ठाऊक होते. संग्रहाचे मोल मी नाकारत नाही. पण चिठ्ठी लावून जपलेला पतंग आणि मोजून रचलेला पक्ष्यांचा ढीग, दोन्ही ‘त्या काळाची रीत’ म्हणून एकाच मापाने मोजणे मला पटत नाही.

प्रतिसाद १: तो फरक मीही मानतो. मात्र दोन्हींमागे एकच जमीनदारी होती, आणि त्यांच्याच उधळपट्टीने ती बुडवली. लंडनमध्ये ज्या जागेवर रिट्झ हॉटेल उभे राहिले ती जागासुद्धा त्यांना विकावी लागली. इस्टेटी गेल्या, शिकारीचे मेळावे थांबले, पतंग मात्र संग्रहालयात शाबूत राहिले. त्यांच्या चरित्रात १,०७० हा आकडा अवश्य असावा, पण २,६०,०००च्या आधी तो लिहिला जावा, हे मला मान्य नाही.