बारावीनंतर पर्यावरणशास्त्र घेऊ का?

प्रश्न: मी मालवणची. खाडीकाठचं कांदळवन डोळ्यांदेखत भराव टाकून बुजवलं, तेव्हापासून हेच शिकायचं ठरवलंय. गणित कच्चं आहे. निभावेल का?

उत्तर: निभावेल, पण रसायनशास्त्र सोडू नकोस. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन टायट्रेशननेही, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून, मोजतात. शेवट कळावा म्हणून घातलेल्या स्टार्चचा निळा रंग एका थेंबात जातो, तिथे हात स्थिर हवा. संख्याशास्त्र मात्र शिकावंच लागेल.

उत्तर: कांदळवनातल्या तिवराचं पान चाटून बघ गो, खारट लागतं. झाड जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. आधी खाडीत उतर, मग पुस्तक उघड.

उत्तर: कायदाही वाच. सीआरझेडच्या (किनारपट्टीवरच्या बांधकामांचे नियम) २०११ आणि २०१९च्या अधिसूचना शेजारी ठेव. २०१९च्या अधिसूचनेनुसार खाजगी जमिनीवरच्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा बफर (राखीव पट्टा) लागत नाही. तुझ्या खाडीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, बघितलंस?