जुनी क्रूझर मोटरसायकल घेताना काय पाहिलंत? अनुभव सांगा

थंडरबर्ड, अ‍ॅव्हेंजर, एलिमिनेटर, एन्टायसर, नाहीतर परदेशात चालवलेली एखादी व्ही-ट्विन (दोन सिलिंडर ‘V’ आकारात असलेली). दहा-पंधरा वर्षं जुनी क्रूझर ज्यांनी नीट पारखून घेतली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. ‘भारी गाडी आहे, घेऊन टाक’ एवढ्यावर कुणी लाखभर रुपये घालू नयेत. माझं मत आधीच सांगतो. या गाड्यांत सालापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या: कागद कुणाच्या नावावर आहेत आणि सुटे भाग कुठे मिळतात.

(आलेली उत्तरं)

पुणे. थंडरबर्ड 350, साल 2006

मालकाला फोनवरच सांगितलं होतं, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी इंजिनाला हात लावून पाहिलं. गार होतं, मग पुढचं बोलणं. गरम लागलं असतं तर गाडी सकाळी सहज सुरू होते की नाही हे कळायला मार्गच नव्हता.

माझी जुन्या एव्हीएल इंजिनची. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे, मधली प्रायमरी चेन सैल असेल तर डाव्या केसमधून खळखळ ऐकू येते. नंतरच्या ट्विनस्पार्क इंजिनमध्ये सगळं एकाच केसिंगमध्ये, टॅपेट हायड्रॉलिक, देखभाल कमी. स्टार्टर दाबल्यावर नुसतीच कटकट होऊन इंजिन फिरत नसेल आणि बॅटरी चांगली असेल, तर स्प्रॅग क्लचवर (स्टार्टर मोटरची फिरकी इंजिनाला देणारा भाग) संशय घ्या. ते काम महाग आहे. विकणारा ‘किकवर सुरू होते ना’ म्हणतो, पण किंमत ठरवताना ते धरलंच पाहिजे.

मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचललं आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवलं. बरोबर मधे अडकल्यासारखं वाटलं, म्हणजे कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेलेला. निळा धूर नव्हता, म्हणजे इंजिन ऑइल जाळत नव्हतं. पुढच्या टायरच्या कडेला चार आकडे 3214, म्हणजे 2014 चा 32 वा आठवडा. नक्षी शाबूत होती, रबर मात्र दगड झालेलं. घासाघीस करण्याआधी नाना पेठेत जाऊन कोनसेट, चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट आणि दोन्ही टायरचे भाव लिहून आणले. तो कागद समोर ठेवल्यावर वाद झालाच नाही. मोठा आवाज करणारा इंदोरी सायलेन्सर काढून मूळचा बसवून द्यायला लावला.

सातारा. थंडरबर्ड 500, साल 2013

इथे गाडीबद्दल थोडं आणि कागदांबद्दल जास्त लिहिते. गाडी ओळखीतल्या काकांची. ते गेल्यावर दारात उभी होती, काकू विकायच्या विचारात होत्या. त्यांच्या नातेवाइकांपैकी एकजण म्हणाले, कोऱ्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर काकांच्या जुन्या सह्या आहेत, भरून टाका, आरटीओत काम होऊन जाईल.

मी नाही म्हटलं. हयात नसलेल्या माणसाच्या सहीने गाडी नावावर करून घेणं हा सरळ गुन्हा आहे, आणि त्यात उद्या काकूच अडकल्या असत्या. आधी 31 नंबरच्या फॉर्मवर, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडून, गाडी काकूंच्या नावावर केली. मग त्यांच्याकडून माझ्या. आरसी बुकावर बँकेचा बोजाही दिसत होता. कर्ज कधीच फिटलेलं, पण 35 नंबरचा फॉर्म आणि बँकेचं ना हरकत पत्र कुणी दिलंच नव्हतं. यात वेळ गेला. तोवर विसार दिला, पावती लिहून घेतली आणि काकूंना म्हटलं, गाडी तुमच्याच दारात राहू द्या. गाडी नावावर होताच चौदा दिवसांच्या आत विमाही नावावर करून घ्या, हे बरेच जण विसरतात.

गाडी उत्तम निघाली. पण ती जेमतेम असती तरी कागद मी असेच केले असते.

नाशिक. अ‍ॅव्हेंजर 220

माझी उंची पाच फूट. दोन्ही पाय सपाट टेकतात, याच कारणासाठी घेतली. जुनी घेणाऱ्या प्रत्येकीला सांगेन, मागे कुणालातरी बसवून खड्ड्यांच्या रस्त्यावर चालवून बघा. पाय पुढे असल्यामुळे फूटरेस्टवर उभं राहून धक्का झेलता येत नाही, सगळा कमरेत बसतो. म्हणून या गाडीत मागचे शॉकअप बसलेले असणं साध्या गाडीपेक्षा जास्त त्रासाचं. तेल गळतंय का, बुश खाल्लेत का, ते पाहा. यू-टर्नही मोकळ्या जागेत घेऊन बघा, वळायला जागा जास्त लागते.

कोल्हापूर. एलिमिनेटर, 175 सीसी

2001 ला आलेली ही गाडी मला फार प्रिय. 2005 मध्ये बजाजने तेच रूप ठेवून पल्सर 180 चं इंजिन घातलं आणि अ‍ॅव्हेंजर झाली. त्यामुळे बाहेरचं थोडंफार जुळवता येतं, इंजिनाचे भाग मात्र शोधत फिरावं लागतं. आमच्या उद्यमनगरात लेथवर बुश करून मिळाले, सिलिंडरचं बोअरिंगही झालं. ज्यांच्या गावात असा कारागीर नाही त्यांनी अ‍ॅव्हेंजरच घ्यावी.

न्यू जर्सी. यामाहा व्ही-स्टार 650

शाफ्ट ड्राइव्ह, एअर-कूल्ड, म्हणून चेन आणि रेडिएटर दोन्हींची कटकट नाही. इथला मुख्य प्रश्न हिवाळा. गाडी महिनोन्‌महिने गॅरेजमध्ये उभी, पेट्रोल आत सुकतं आणि कार्बोरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) चोंदतात. ‘फक्त कार्बोरेटर साफ करायचाय’ असं जाहिरातीत दिसलं तर तो खर्च आपल्यावर धरूनच भाव सांगावा. दुसरं, टायटल (मालकीचा कागद) स्वच्छ आहे ना ते बघा. सॅल्व्हेज टायटलची, म्हणजे मोठ्या नुकसानीनंतर मोडीत धरलेली गाडी स्वस्त मिळते, पण रस्त्यावर आणायला वेगळी तपासणी आणि विम्याची अडचण. किलोमीटर (इथे मैल) कमी म्हणजे गाडी चांगली असं मी मानत नाही. वापरात असलेली गाडी बरी.

ठाणे

न्यू जर्सीकरांशी सहमत. उभ्या गाडीचा धोका आपल्याकडेही आहे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, आणि जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नव्हते. ते आधी बदला. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी असल्याने तिकडून स्वस्तात थंडरबर्ड येतात. एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना हरकत पत्र), इथला रोड टॅक्स, पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर मिळवून बेरीज करा. मी केली, आणि गाडी ठाण्यातलीच घेतली.

सांगली

मला एक एन्टायसर मिळतेय, 2004 ची, एकाच मालकाची. टाकी आतून गंजलेली नाही, चेसिस नंबर आरसीशी जुळतो, नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेली. क्लच आणि कार्बोरेटरचे भाग सध्या कुणाला कुठे मिळाले? मिरज-कोल्हापूरकडचं दुकान असेल तर फार बरं होईल. रविवारी बघायला जायचंय.